असेंब्लीच बदला!

‘असेंब्ली’ हा शब्द कानावर पडला की हल्ली माझं डोकं उठतं. मुंबईला भरते ती असेंब्ली मी म्हणत नाही. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ती दर पाच वर्षांनी बदलते आणि बदलली तरी आतले बरेचसे सुटे भाग तेच असतात. फक्त डावीकडचे उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे बसवलेले. म्हणजे जुना माल पुन्हा कसा वापरावा, हे त्या मंडळींना तरी कळतं. माझं भांडण आहे ते मोटारीच्या वर्कशॉपमधल्या असेंब्लीशी.

झालं काय, की माझ्या भाच्याची गाडी पुढच्या बाजूने टकटक वाजायला लागली. गाडी उणीपुरी पाच वर्षांची. आमच्या काळी पाच वर्षांच्या गाडीला लोक ‘नवीच आहे हो’ म्हणून दृष्ट काढत. भाचा म्हणाला, “मामा, तुम्हाला गाडीतलं कळतं, चला बरोबर.” माझ्याबद्दल असं बोलणारी माणसं आता फार उरलेली नाहीत, त्यामुळे मी लगेच चप्पल घातली.

वर्कशॉप कसलं, दवाखानाच तो! गारेगार हवा, काचेचे दरवाजे, कॉफीचं यंत्र आणि भिंतीवर हसणाऱ्या कुटुंबाचा फोटो. वंगणाचा एक डाग दिसेल तर शपथ. एक तरुण हातात पाटीसारखं काहीतरी घेऊन आला. त्याने गाडीकडे न बघता पाटीकडे बघितलं आणि म्हणाला, “सर, लोअर आर्म असेंब्ली जाणार.”

“आर्मला काय झालंय?” मी विचारलं.

“आर्म ओके आहे, सर. बुश गेलाय.”

“मग बुश बदला.”

“बुश सेपरेट येत नाही, सर. असेंब्लीच येते.”

“म्हणजे चांगला धडधाकट लोखंडी आर्म फेकून द्यायचा?”

“फेकायचा नाही, सर. स्क्रॅप होतो,” तो इतक्या आदराने म्हणाला, की आर्मने मरणोत्तर देहदान केलं असावं असं मला वाटलं. वर त्याने पुस्ती जोडली, “आणि डावी बदलतोय तर उजवीपण करून घ्या, सर. पेअरमध्ये बरं असतं.”

उजवीला काय झालं होतं? काही नाही. डावीची बहीण होती, एवढाच तिचा गुन्हा.

आता मला सांगा, सदऱ्याचं बटण तुटलं म्हणून तुम्ही शिंप्याकडे गेलात आणि तो म्हणाला, “बटण सेपरेट येत नाही, सदराच येतो. आणि सदरा घेताय तर लेंगाही घ्या, पेअरमध्ये बरं असतं,” तर तुम्ही काय कराल? दाढ दुखते म्हणून खुर्चीत बसलात आणि दंतवैद्याने जबड्याच्या असेंब्लीचं कोटेशन पुढे केलं तर? तिथे आपण आरडाओरडा करू. मोटारीच्या बाबतीत मात्र आपण कॉफी पितो, सही करतो आणि वर त्या पाटीवर पाच तारेही देऊन येतो.

ज्यांच्याकडे मोटार नाही, अशा सुखी माणसांसाठी बुश म्हणजे काय ते सांगतो. गाडीचं पुढचं चाक खालीवर होतं ते लोखंडी हातांवर. या हातांची एक बाजू चाकाकडे आणि दुसरी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. जोडणीच्या जागी लोखंडावर लोखंड आलं तर गाडी भांड्यांच्या कपाटासारखी वाजेल. म्हणून मध्ये एक बांगडीएवढा ऐवज बसवतात. बाहेर लोखंडी नळी, आत लोखंडी नळी आणि दोहोंच्या मध्ये घट्ट चिकटवलेलं रबर. गंमत अशी, की यात काही घासत नाही आणि काही फिरत नाही. चाक खड्ड्यात गेलं की रबर स्वतः पिळवटतं, वर आलं की परत सरळ होतं. त्याला तेल नको, ग्रीस नको. उलट तेल लागलं तर ते फुगून खराब होतं. कोणाला कळूही न देता ते हजारो मैल पिळवटत राहतं, आणि एक दिवस फाटतं.

मी तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली शेवटची आठ हेडमास्तर म्हणून. वर संस्थाचालक, खाली शिक्षक. दोन्ही पक्के लोखंडी. दोघांनी एकमेकांवर आपटायचं आणि मध्ये मी पिळवटायचं. घरी आलो की एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला आमची ही. त्यामुळे बुश या वस्तूबद्दल मला जो जिव्हाळा आहे तो इंजिनिअरला असणं शक्य नाही. अख्खा मध्यमवर्ग म्हणजे दुसरं काय? वरच्याचा भार, खालचे धक्के आणि मध्ये राहून आवाज होऊ द्यायचा नाही! आणि अशा इमानी जिनसेला आज ‘सेपरेट येत नाही’ म्हणतात, याचा मला राग येतो.

राग यायला आणखी एक कारण आहे. भाच्याच्या गाडीला असेंब्ली पडली त्याच महिन्यात आमच्या गाडीचेही बुश गेले. आमची गाडी म्हणजे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या कंपनीने, इटलीच्या फियाटकडून परवाना घेऊन, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनवलेली. आधी लोक तिला फियाट म्हणत. १९७४ पासून ती पद्मिनी झाली, तरी लोक फियाटच म्हणत राहिले. लग्नात नाव बदललेल्या बाईला माहेरची माणसं जुन्याच नावाने हाक मारतात तसं. १०८९ सी.सी.चं इंजिन आणि स्टिअरिंगच्या खांबावर गिअर. एके काळी या गाडीसाठी पैसे भरून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. मुलगा पाळण्यात असताना नंबर लावायचा आणि त्याच्या मुंजीत गाडी यायची. मी ती सेकंडहँड घेतली तेव्हा आमचं सांडोर ठाणे जिल्ह्यात होतं. आता २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला, पण गाडी तीच आहे.

गाडी वाजायला लागली आणि सल्लागार जमले. सांडोर ते वसई स्टेशन या रस्त्यावर पावसाळ्यानंतर जे काही उरतं, त्याच्यावरून जाताना पुढून ‘टक्’, ब्रेक मारला की ‘टकटक्’, आणि सरळ रस्त्यावर गाडी आपल्या मनाने डावीकडे ओढायची. आमची ही म्हणाली, “अहो, एक तर तिला गप्प करा, नाहीतर मी रिक्षाने जाते.” भाचा म्हणाला, “मामा, स्क्रॅप करून टाका. सर्टिफिकेट मिळतं.” मी म्हटलं, “मीही रिटायर झालोय. माझंही मिळतं का बघ.” एकटे शेजारी काय ते माझ्या बाजूने बोलले, पण त्यांचं कारण वेगळं होतं. जानेवारीत त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि सेंट थॉमस चर्चच्या दारात ती उतरणार तर आमच्याच गाडीतून, असं तिने साखरपुड्यालाच जाहीर केलं होतं. “सर, लग्नापर्यंत नीट करा. मग काय ते बघू,” ते म्हणाले. वास्तविक नीट केल्यावर मग काही बघावं लागत नाही, हाच तर माझा मुद्दा आहे.

पापडीच्या बाजूला चिंचेखाली आमच्या मेस्त्रींचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक घोडी, एक शिकंजा आणि एक पोरगा. मेस्त्रींनी पाटी वगैरे काही बघितली नाही. त्यांनी गाडीखाली जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, टॉमी घालून लोखंडी हात जरा उचकटला आणि मला म्हणाले, “वाका सर, बघा.” मी वाकलो. वाकल्यावर माझ्याच कुठल्या तरी बुशाचा आवाज आला. पण दिसलं मात्र स्वच्छ. रबराच्या चिंध्या झाल्या होत्या आणि लोखंड लोखंडाला शिवत होतं. “आर्म झकास आहे,” मेस्त्री म्हणाले, “आपल्या दोघांच्या नंतरही राहील. बुश आणा.”

बुश आणायला मी कुर्ल्याला गेलो. वसई रोडवरून दादर, दादरला पूल चढून मध्य रेल्वे आणि मग सी.एस.टी. रोडवरची सुट्या भागांची दुकानं. जिथे ही गाडी जन्मली तिथला कारखाना आता नाही, पण तिची हाडं अजून त्याच गावात मिळतात. तिसऱ्या दुकानातल्या चाचांनी माळ्यावरून एक धुळकट पुडकं काढलं, फुंकर मारली आणि म्हणाले, “ले जाओ, सर. टॅक्सी बंद झाली. आता हे कोण नेणार?”

त्यांचं बरोबर होतं. पद्मिनीचं उत्पादन २००१च्या सुमाराला थांबलं, तरी तिचे सुटे भाग इतकी वर्षं मिळत राहिले ते मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे. ताडदेवच्या आर.टी.ओ.त शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षं. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी लोकांनी हळहळून फोटो काढले, लेख लिहिले. मात्र कुर्ल्याच्या चाचांच्या माळ्यावरचं गिऱ्हाईकही त्याच दिवशी गेलं, हे कोणी लिहिलं नाही. एक गाडी बंद झाली की तिच्यामागे दुकानदार, लेथवाला, रबरवाला आणि मेस्त्री अशी सगळी रांग बंद होते. आठवणींचा फोटो निघतो, त्या रांगेचा निघत नाही.

मी आणलेले सगळे बुश एका कापडी पिशवीत मावले. किंमत? त्यात भाच्याच्या एका असेंब्लीचा खोकासुद्धा आला नसता.

आता काम कसं झालं ते सांगतो, कारण खरा धडा तिथेच आहे. मेस्त्रींनी गाडी घोडीवर घेतली, चाक काढलं आणि खालून जॅकचा आधार देऊन दाबून बसलेली स्प्रिंग हळूहळू मोकळी केली. “ही एकदम सुटली ना, सर, तर माणसाचं तोंड घेऊन जाते,” ते म्हणाले. मी दोन पावलं मागे सरकून आदर व्यक्त केला. जुने बुश शिकंज्यात धरून, मागून पाइपाचा तुकडा लावून दाबून काढले. एक जाम बसला होता. त्याची नळी करवतीच्या पात्याने आतून कापून काढली, पण आर्मला ओरखडा येऊ दिला नाही. नवे बुश साबणाचं पाणी लावून तसेच शिकंज्यात सरळ दाबले. पोरगा ग्रीसचा डबा घेऊन आला तेव्हा मेस्त्री कडाडले, “रबराला ग्रीस? उद्या चहात मीठ घालशील!”

आर्म जागेवर आला. पोरग्याने उत्साहाने पाना लावला आणि बोल्ट कचकचून आवळायला घेतला. मेस्त्रींनी त्याचा हातच धरला.

“चाक टेकू दे आधी!”

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सर, गाडी हवेत असताना आर्म खाली लोंबतो. तसाच बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबत्या जागेला पक्कं धरतं. मग गाडी जमिनीवर आली, की ते जन्मभर पिळलेलंच. चालत नसली तरी पिळलेलं, चालली तर आणखी पिळलेलं. सहा महिन्यांत फाटतं. मग लोक म्हणतात माल खराब. माल नाही खराब. आवळणारा खराब. चाकं जमिनीवर आली पाहिजेत, गाडीचं वजन गाडीवर आलं पाहिजे, मग आवळायचं.”

बोल्ट हाताने लावले, चाक बसवलं, गाडी खाली घेतली, पुढून दोनदा दाबून हलवली आणि मग मेस्त्री स्वतः गाडीखाली सरपटत गेले आणि बोल्ट आवळून आले. साठी ओलांडलेला माणूस. दुसऱ्या दिवशी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. गाडी अशी शांत झाली, की आमच्या हिने विचारलं, “अहो, चालू आहे ना?”

मेस्त्रींचं ते वाक्य मी डायरीत लिहून ठेवलं आहे, कारण या देशात बरेचसे बोल्ट गाडी हवेत असतानाच आवळले जातात. नियम करणारे साहेब वर, कागदावर, घोडीवर चढवलेल्या गाडीकडे बघून पाना फिरवतात. वजन खाली आमच्यावर येतं आणि पिळवटतो आम्ही.

उदाहरणार्थ, वय. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीचं नूतनीकरण पूर्वी सहाशे रुपयांत व्हायचं. १ एप्रिल २०२२ पासून त्याचे पाच हजार झाले. २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी दहा हजार झाले. गाडी नीट आहे का, धूर किती सोडते, ब्रेक लागतो का, हे बघून फी ठरली असती तर मी हू की चू केलं नसतं. ठरली ती जन्मतारखेवरून. दुसरीकडे २०२१ सालचा नियम सांगतो, की पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. म्हणजे माझी पद्मिनी २०२९ साली सन्माननीय होईल. तोवर ती नुसती म्हातारी! आणि सन्मान झाला की काय? तर विंटेज गाडी रोजच्या वापराला काढायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर. आमच्या शाळेतही असंच करतात. माजी हेडमास्तरांना पंधरा ऑगस्टला शाल देतात आणि सोळा तारखेला फाटकातून आत घेत नाहीत.

तुम्ही म्हणाल, मास्तर, जुन्या गाड्या धूर ओकतात त्याचं काय? ओकतात. माझ्या गाडीत हवेची पिशवी नाही, अपघात झाला तर नवी गाडी माणसाला जास्त सांभाळते, हेही खरं. उद्यापासून सगळ्यांनी पद्मिन्या चालवाव्यात असं मी म्हणतच नाही. मी सगळ्यांच्या गाड्यांबद्दल बोलतोय, भाच्याच्या पाच वर्षांच्या गाडीबद्दल तर जास्तच. ती धूर सोडत नाही, तिच्यात पिशव्या आहेत, पडदे आहेत, बोलणारा नकाशा आहे. नाही तो फक्त एक बुश. आणि तो नाही म्हणून काही किलो चांगलं लोखंड भंगारात गेलं. ते वितळवायला पुन्हा कोळसा लागणार, त्या भट्टीचा धूर निघणार. त्या धुराची पी.यू.सी. कोण काढतं?

दुसरा आक्षेप असा, की असेंब्ली बदलली की काम झटपट होतं आणि खात्रीचं होतं. झटपट होतं हे कबूल. कारण त्याला कारागीर लागत नाही, दोन बोल्ट काढता येणारा माणूस पुरतो. पण नेमकं तेच तर दुखणं आहे. शिकंज्यात बुश सरळ दाबण्याचं, चाक टेकल्यावर आवळण्याचं ज्ञान ज्याच्या हातात आहे त्याला आपण बाजूला सारतो, आणि मग कौतुकाने म्हणतो, हल्ली चांगले मेकॅनिक मिळत नाहीत. कुठून मिळणार? मेस्त्रींचा मुलगा मोटारसायकलवरून घरोघर जेवणाचे डबे पोचवतो. मी विचारलं, “बापाचं काम का नाही शिकत?” तर म्हणाला, “सर, शिकून दुरुस्त काय करू? सगळं तर बदलायचंच असतं.” माझ्या तीस वर्षांच्या मास्तरकीत मला असं निरुत्तर कोणी केलं नव्हतं.

आणि हा माझा एकट्याचा चिडचिडेपणा आहे असं समजू नका. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आपल्या भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कारण काय? सुटे भाग खुल्या बाजारात मिळू देत नाहीत, बाहेरच्या मेस्त्रीला माहिती आणि हत्यारं देत नाहीत. म्हणजे जे मी भाच्याजवळ पुटपुटत होतो तेच आयोगाने शिक्क्यानिशी लिहिलं. पुढे अपिलं सुरू झाली. ती आपल्याकडे होतातच. २०२२च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली, त्यात मोटारीही आल्या, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहकदिनी, त्याचं पोर्टलही उघडलं. तिकडे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोकांनी २०१२ सालीच मतदान करून कायदा मंजूर केला, की कंपनीच्या वर्कशॉपला जी दुरुस्तीची माहिती मिळते ती बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. जिथे वस्तू फेकून देण्याचा शोध लागला असं आपण समजतो, तिथली माणसं दुरुस्तीसाठी मतं देतात. आणि जिथे जुन्या साडीची गोधडी होते, पायजम्याची पिशवी होते आणि पिशवीचं पायपुसणं होतं, तिथले आपण मुकाट्याने असेंब्ली घेऊन घरी येतो!

माझं मागणं फार नाही. गाडी कारखान्यात बनते तेव्हा बुश वेगळा येतो आणि आर्म वेगळा येतो. दोन्ही एकत्र झाडाला लागत नाहीत. कोणीतरी तो बुश त्या आर्ममध्ये दाबून बसवतो. म्हणजे तो ‘सेपरेट’ असतो, फक्त आपल्याला सेपरेट मिळत नाही. तो मिळाला पाहिजे. त्याची किंमत दुकानात लिहिलेली असली पाहिजे. तो कसा बसवायचा याचा कागद चिंचेखालच्या मेस्त्रीलाही मिळाला पाहिजे. गाडीची परीक्षा तिच्या जन्मदाखल्यावरून न करता तिला जॅकवर चढवून केली पाहिजे. आणि पुढच्या वेळी कोणी तरुण तुम्हाला ‘असेंब्लीच बदला, सर’ म्हणाला, तर कॉफी खाली ठेवून त्याला एवढंच विचारा: “यातलं नेमकं काय बिघडलंय?” हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. रोज दहा जणांनी विचारला तर अकराव्याला बुश मिळू लागेल.

तोवर मी असाच बोलत राहणार. माझं बोलणं जरा खडखडीत वाटलं असेल, तर माफ करा. रबर काढून घेतलं की लोखंड वाजणारच.